हिरोशिमाच्या नदीतले कंदील: ६ ऑगस्टच्या ‘तोरो नागाशी’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ६ ऑगस्टच्या संध्याकाळी हिरोशिमा शहरातल्या मोतोयासु नदीत रंगीत कागदाचे हजारो कंदील सोडले जातात. त्या सुमारास जपानमध्ये असणाऱ्या किंवा मुद्दाम त्यासाठी प्रवास आखणाऱ्या मराठी मंडळींना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रवासी माहितीपत्रके या संध्याकाळला सरसकट ‘कंदील महोत्सव’ म्हणतात. तो शब्द फसवा आहे आणि पुढचे बरेचसे प्रश्न त्या एका शब्दातूनच निर्माण होतात.

‘तोरो नागाशी’ म्हणजे नेमके काय?

‘तोरो’ म्हणजे कंदील आणि ‘नागाशी’ म्हणजे प्रवाहात वाहू देणे. लहानशा लाकडी तळावर चार बाजूंनी कागद लावून आत मेणबत्ती ठेवलेला कंदील नदीत, तळ्यात किंवा समुद्रात सोडायचा आणि मृतांच्या आत्म्यांना त्या उजेडात निरोप द्यायचा, अशी ही प्रथा आहे. ती जपानमध्ये ठिकठिकाणी पाळली जाते. मात्र प्रत्येक गावी तिचा दिवस, तिचे कारण आणि तिचा भाव वेगवेगळा असतो. हिरोशिमात तिचा संबंध थेट १९४५ च्या अणुबाँबशी आहे. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शहरातल्या लोकांनी आपापल्या घरच्या मृतांची नावे लिहून कंदील सोडायला सुरुवात केली आणि पुढे त्याला आजचे सार्वजनिक रूप आले.

मग हा ‘ओबोन’ सणाचा भाग आहे का?

पूर्णपणे नाही, पण नाते जवळचे आहे. ओबोन हा जपानमधला पितरांचा काळ. बहुतेक प्रांतांत तो १३ ते १६ ऑगस्ट या दिवसांत येतो. टोक्योसारख्या काही ठिकाणी तो जुलैच्या मध्याला पाळतात, कारण १८७३ मध्ये जपानने नवे कॅलेंडर स्वीकारल्यावर जुन्या सातव्या महिन्यातली तिथी कोठे बसवायची, याविषयी सगळ्यांचे एकमत झाले नाही. पितर घरी येतात तेव्हा दारात अग्नी पेटवून त्यांचे स्वागत करायचे आणि शेवटच्या दिवशी पुन्हा अग्नी किंवा कंदील लावून त्यांची पाठवणी करायची, असा या दिवसांचा क्रम असतो. आपल्या पितृपक्षाशी असलेले त्याचे साम्य सहज लक्षात येते.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. ओबोनचे मूळ नाव ‘उराबोन’ असे असून परंपरेने ते संस्कृत ‘उल्लम्बन’ या शब्दाशी जोडले जाते. त्यामागे बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन यांची कथा सांगतात. आपली मृत आई प्रेतयोनीत भुकेने तळमळत असल्याचे त्यांना दिव्यदृष्टीने दिसले आणि बुद्धांच्या सांगण्यावरून सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला भिक्षुसंघाला दान देऊन त्यांनी तिची सुटका केली. आपल्याकडच्या बौद्ध घरांत मोग्गलान हे नाव परिचयाचे आहे. जपानमध्ये तेच ‘मोकुरेन’ होते.

हिरोशिमाचे कंदील मात्र ओबोनच्या आठवडाभर आधी सुटतात, कारण तेथे तिथी बाँबने ठरवली आहे. शिवाय त्या प्रांतात ओबोनची स्वतःची एक वेगळीच रीत आहे. बांबूची काठी वरच्या टोकाला चिरून नरसाळ्यासारखी फाकवतात, तिला रंगीत कागद चिकटवतात आणि असे ‘बोन-दोरो’ कबरींपाशी रोवतात. त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल, त्या घरच्या कबरीपाशी पांढऱ्या कागदाचा रोवतात. ६ ऑगस्टनंतर आठवडाभर आपण त्या भागात राहणार असाल, तर डोंगरउतारावरच्या दफनभूमी या रंगांनी भरलेल्या दिसतील. प्रवासी मार्गदर्शिकांत याचा उल्लेख फारसा आढळत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

कंदील नदीतच का सोडतात? उद्यानात लावले तर चालणार नाही का?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर बाकीच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

हिरोशिमा हे ओता नदीच्या त्रिभुज प्रदेशावर वसलेले शहर आहे. युद्धाच्या काळात त्यातून सात प्रवाह समुद्राकडे जात होते, आज सहा आहेत. समुद्र जवळ असल्यामुळे या प्रवाहांना भरती-ओहोटी जाणवते आणि पाण्याची पातळी दिवसातून दोनदा कित्येक फुटांनी वरखाली होते. म्हणून काठांवर जागोजागी दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत, म्हणजे पाणी कोठेही असले तरी होडीतून उतरता-चढता यावे. या पायऱ्यांना ‘गांगी’ म्हणतात. मराठी माणूस त्यांना पाहताक्षणी घाटच म्हणेल.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी शहरावर सुमारे ६०० मीटर उंचीवर बाँबचा स्फोट झाला. त्या सकाळी हजारो शाळकरी मुले शहराच्या मध्यभागी कामाला जुंपलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे ते काम होते. भाजलेली, तहानेने व्याकूळ झालेली माणसे याच पायऱ्यांवरून नदीकडे धावली. अनेकांनी पायऱ्यांवरच प्राण सोडला, अनेक जण पाण्यात उतरले आणि पुन्हा वर आले नाहीत. त्यानंतर भरतीबरोबर देह वर येत आणि ओहोटीबरोबर खाली जात राहिले. वर्षअखेरपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली असावी, असा शहराचा अंदाज आहे. कित्येक घरांना अस्थी म्हणून काहीच मिळाले नाही. त्यांच्यासाठी नदी हीच कबर.

‘पाणी द्या’ हे मरणाऱ्यांचे शेवटचे शब्द वाचलेल्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतात. भाजलेल्या माणसाला पाणी दिले तर तो दगावतो, अशी तेव्हा समजूत होती, म्हणून कित्येकांनी ते दिले नाही आणि पुढे आयुष्यभर त्याची टोचणी बाळगली. आजही ६ ऑगस्टच्या सकाळच्या समारंभात मृतांना पाणी अर्पण केले जाते. आपल्याकडे तर्पण करताना ओंजळीतून पाणी सोडले जाते. ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कार्यक्रम नेमका कोठे आणि किती वाजता असतो?

शांतता स्मारक उद्यान आणि अणुबाँब घुमट यांच्या मधून मोतोयासु नदी वाहते. तेथे, मोतोयासु पुलाच्या उत्तरेकडच्या पात्रात मुख्य कार्यक्रम होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास कंदील सोडायला सुरुवात होते आणि नऊच्या आसपास सगळे आटोपते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेथे सूर्यास्त सव्वासातच्या थोडा आधी होतो, त्यामुळे पहिला तासभर कंदील उजेडातच वाहत असतात आणि साडेसातनंतर ते खऱ्या अर्थाने दिसू लागतात. ६ ऑगस्ट कोणत्याही वारी आला, तरी तारीख बदलत नाही. वादळ किंवा नदीला पूर असेल तर कार्यक्रम रद्द होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीच्या वेळा शहराच्या अधिकृत सूचनेत पाहून घ्याव्यात.

परक्या देशातल्या माणसाला कंदील सोडता येतो का?

येतो. त्यासाठी जपानी असण्याची, बौद्ध असण्याची किंवा घरचे कोणी तेथे गेलेले असण्याची अट नाही. नदीकाठच्या तंबूत ठरावीक रक्कम देऊन कंदिलाचा कागद घ्यायचा, त्यावर लिहायचे, स्वयंसेवकांच्या मदतीने तो चौकटीवर बसवायचा आणि रांगेत उभे राहून पायऱ्यांवरून पाण्यात सोडायचा. रक्कम जपानी खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ असते, परंतु ती रोख येनमध्ये जवळ ठेवावी. रांग बरीच मोठी होते. संध्याकाळच्या भर गर्दीत ताटकळण्याची तयारी नसेल, तर दुपारीच कागद घेऊन लिहून ठेवणे सोयीचे पडते. पायऱ्या उतरणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या वतीने स्वयंसेवक कंदील सोडतात. त्यात काही उणे मानले जात नाही.

कागदावर काय लिहावे? मराठीत लिहिले तर चालेल का?

स्थानिक लोक बहुधा मृत नातेवाइकाचे नाव लिहितात. इतर जण शांततेविषयी एखादे वाक्य लिहितात आणि मुले चित्रे काढतात. भाषेचे बंधन नाही, मराठीत निःसंकोच लिहावे. देवनागरी पाहून शेजारच्या वयस्क जपानी व्यक्तीने कुतूहल दाखवले तर आश्चर्य वाटू देऊ नये. जपानी कबरींमागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर ‘बोन्जी’ अक्षरे लिहिलेली असतात. ती सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरे असून आपल्या देवनागरीची दूरची नातेवाईक आहेत. एका अर्थी आपली लिपी तेथे मृतांच्या सोबतीला हजार वर्षांपूर्वीच जाऊन पोहोचली आहे.

आपल्या स्वतःच्या घरच्या गेलेल्या माणसाचे नाव लिहावे का, असेही पुष्कळ जण विचारतात. लिहिण्यास कोणाची हरकत नसते. माझे मत विचाराल, तर त्या संध्याकाळी पहिला मान त्या शहराच्या मृतांचा आहे. आपले नाव लिहायचेच असेल, तर त्यांच्या नावे एक ओळ लिहून मग लिहावे. प्रवासी कंपनीचे नाव, समाजमाध्यमावरचे आपले नाव किंवा ‘अमुक अमुक येथे आले होते’ असला मजकूर कृपया लिहू नये.

चांगले दिसावे म्हणून कोठे उभे राहावे?

घुमटासमोरच्या, म्हणजे उद्यानाच्या बाजूच्या काठावरून कंदील आणि त्यांच्या मागे घुमट असे दृश्य दिसते, म्हणून तेथे सर्वाधिक गर्दी होते. हा घुमट म्हणजे चेक वास्तुविशारद यान लेत्झेल यांनी आराखडा केलेल्या आणि १९१५ मध्ये बांधून झालेल्या औद्योगिक प्रदर्शन इमारतीचे अवशेष होत. १९९६ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. मोतोयासु पुलावरून दोन्ही काठ दिसतात, पण तेथे थांबून राहू दिले जात नाही. पोलीस लोकांना पुढे सरकवत राहतात. शांतपणे बसायचे असेल तर पुलाच्या दक्षिणेला थोडे चालत जावे. घुमट तेथून दिसत नाही, मात्र गर्दी विरळ होते आणि कंदील एकेकटे, सुटे सुटे येताना दिसतात. पाहण्यासारखी जागा कोणती असे मला कोणी विचारले, तर मी तीच सांगेन.

छायाचित्रे काढली तर चालतात का?

चालतात, सगळेच काढतात. फ्लॅश मात्र बंद ठेवावा, कारण त्याने कंदिलाचा उजेडही मरतो आणि शेजारी हात जोडून बसलेल्या माणसाचे ध्यानही मोडते. गर्दीत तिपाई उभी करून वाट अडवू नये. कोणी रडत किंवा प्रार्थना करत असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये. तेथे वृद्ध माणसे दिसली, तर त्यांच्यातली काही ‘हिबाकुशा’, म्हणजे बाँबमधून वाचलेली असू शकतात. आता त्यांची संख्या फार कमी झाली आहे. त्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हापासून त्यांच्याकडे परदेशी लोकांचे लक्ष वाढले आहे. म्हणून कोणालाही थेट ‘तुम्ही हिबाकुशा का?’ असे विचारणे टाळावे. त्यांच्या साक्षी ऐकण्याची सोय शांतता संग्रहालयात वेगळी केलेली आहे.

कोणते कपडे घालावेत? किमोनो किंवा युकाता घालावा का?

साधे, सुती आणि फिकट रंगाचे कपडे पुरेसे आहेत. जपानच्या उन्हाळी उत्सवांत युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, घालण्याची हौस असते, ती येथे शोभणार नाही असे नाही, पण बहुतेक लोक साध्याच कपड्यांत येतात. सकाळच्या समारंभाला मृतांचे नातेवाईक काळे कपडे घालतात. पाहुण्यांकडून तशी अपेक्षा नसते.

फटाके, खाद्यपदार्थांच्या गाड्या, नाचगाणी असतात का? आणि आकाशात सोडायचे कंदील?

यांपैकी काहीही नसते. आकाशात कंदील सोडण्याची प्रसिद्ध प्रथा थायलंडच्या उत्तरेकडची आहे. समाजमाध्यमांवर दोन्हींची छायाचित्रे एकाच मथळ्याखाली फिरत असल्यामुळे हा घोटाळा होतो. हिरोशिमात बौद्ध, ख्रिस्ती व इतर धर्मांचे लोक प्रार्थना करतात, कधी शाळकरी मुले गाणी म्हणतात. मात्र उद्यान सारा दिवस निःशब्द असेल, अशीही कल्पना करून जाऊ नये. अण्वस्त्रविरोधी संघटनांच्या सभा, पत्रके वाटणारे लोक आणि क्वचित ध्वनिवर्धकावरून होणारी घोषणाबाजी हेही त्या दिवसाचा भाग आहेत. त्यावरून शहरातच मतभेद आहेत आणि पाहुण्याने त्यात पडू नये हे बरे.

सकाळच्या समारंभालाही जावे का?

प्रकृती साथ देत असेल तर अवश्य जावे, कारण सकाळ पाहिल्यावर संध्याकाळ वेगळी दिसते. आठ वाजता समारंभ सुरू होतो. वर्षभरात निधन पावलेल्या हिबाकुशांची नावे स्मारकातल्या नोंदवह्यांत समाविष्ट केली जातात, सव्वाआठला घंटेच्या नादात एक मिनिट मौन पाळले जाते आणि त्यानंतर शहराचे महापौर शांततेची घोषणा वाचतात. अलीकडच्या वर्षांत पहाटेपासून उद्यानात प्रवेशावर निर्बंध असतात आणि सामानाची तपासणी होते, म्हणून मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नये. खुर्च्या मर्यादित असतात. बाहेर उभे राहिलेल्यांना दिसते कमी, पण ऐकू सगळे येते. सव्वाआठला ट्रामसुद्धा जागच्या जागी थांबतात. ते एक मिनिट शहराच्या कोणत्याही रस्त्यावर अनुभवता येते, त्यासाठी उद्यानातच असले पाहिजे असे नाही.

संग्रहालय त्याच दिवशी पाहावे का?

शक्यतो नाही. ५ तारखेला किंवा त्याच्याही आधी पाहावे. प्रौढांचे तिकीट २०० येन इतके नाममात्र आहे, परंतु ६ तारखेला रांगा फार लांब असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथील वस्तू, मुलांचे जळके कपडे, करपलेला जेवणाचा डबा, दगडी पायरीवर उमटलेली माणसाची सावली, हे सगळे पाहून लगेच गर्दीत जाणे अवघड जाते. लहान मुलांना नेण्यापूर्वी आईवडिलांनी आधी स्वतः विचार करावा. शेजारीच २००२ मध्ये उघडलेले राष्ट्रीय स्मृतिभवन आहे. तेथे मृतांची नावे आणि छायाचित्रे शांतपणे पाहता येतात, प्रवेश विनामूल्य आहे आणि गर्दी आश्चर्य वाटावे इतकी कमी असते.

मुलांना कंदील सोडायला न्यावे का?

न्यावे. जपानी कुटुंबे लहान मुलांना घेऊनच येतात. मुलांसाठी या उद्यानातली सर्वांत जवळची जागा म्हणजे १९५८ मध्ये उभारलेले बालस्मारक. बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली सादाको सासाकी १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. रुग्णालयात तिने घडवलेल्या कागदी क्रौंच पक्ष्यांमुळे तिची आठवण जगभर पोहोचली. घरून घडवून नेलेले पक्षी मुलांना तेथे अर्पण करता येतात. प्रवासाला निघण्यापूर्वी आठ-दहा पक्षी घडवायला मुलांना बसवले, तर कोठे जायचे आहे हे त्यांना आपोआप कळते. काठावरच्या पायऱ्यांना कठडा नसतो आणि भरतीच्या वेळी खालच्या पायऱ्या शेवाळामुळे निसरड्या होतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नये.

हिरोशिमाला कसे पोहोचावे?

ओसाकाहून शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने सुमारे दीड तास आणि टोक्योहून सुमारे चार तास लागतात. परदेशी प्रवाशांसाठीच्या रेल्वे पासवर ‘नोझोमी’ गाड्यांसाठी जादा पैसे भरावे लागतात. ओसाकाहून जाताना ‘साकुरा’ गाडी घेतली तर ते वाचतात. भारतीय पारपत्रावर जपानचा व्हिसा आधी काढावा लागतो. जुलै-ऑगस्ट हा गर्दीचा काळ असल्याने त्यासाठी हाताशी पुरेसे दिवस ठेवावेत.

हिरोशिमा स्थानकावरून ‘गेम्बाकु डोम-माए’ थांब्यापर्यंत ट्रामने वीसेक मिनिटे लागतात. या ट्रामविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. बाँब पडल्यानंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, उद्ध्वस्त शहरातल्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती, आणि ६ ऑगस्टच्या स्फोटातून वाचलेले, दुरुस्त केलेले काही डबे आजही रुळांवर धावतात. ६५१ किंवा ६५२ क्रमांकाचा डबा समोर आला, तर पुढची रिकामी ट्राम येऊ द्यावी आणि याच डब्यात चढावे.

राहण्याची सोय किती आधी करावी?

शक्य तितक्या आधी, कारण ५ आणि ६ ऑगस्टच्या रात्री शहरातली हॉटेले कित्येक महिने आधी भरतात आणि उरलेल्या खोल्यांचे दर अंगावर येतात. शहरात जागा मिळाली नाही तर ओकायामा, फुकुयामा किंवा इवाकुनी येथे राहून येता येते. पण परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी. मध्यरात्रीनंतर शिनकान्सेन धावत नाही आणि कार्यक्रम संपल्यावर ट्रामच्या थांब्यावर लांबच लांब रांग लागते. उद्यानापासून स्थानकापर्यंत चालत जायला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. पुष्कळदा तोच मार्ग लवकरचा ठरतो.

हवामान कसे असते?

मुंबईकरांना मे महिन्याची आठवण होईल असे. तापमान ३३ ते ३५ अंश, हवा दमट आणि सकाळी आठलाच ऊन चढलेले असते. पाण्याची बाटली, टोपी आणि छत्री बाळगावी. समारंभात ऊन लागून पडणाऱ्यांत केवळ वृद्धच असतात, असे नाही. संध्याकाळी नदीवरून थोडा वारा येतो, पण फार अपेक्षा ठेवू नये.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय?

जपानमध्ये भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचे ‘दाशी’ असते, ही अडचण हिरोशिमातही आहे. तेथील प्रसिद्ध ओकोनोमियाकी म्हणजे पातळ धिरड्यावर कोबीचा डोंगर, नूडल्स, अंडे आणि बहुधा डुकराचे मांस. आपल्यासमोरच तव्यावर थर रचले जात असल्यामुळे मांस वगळायला सांगणे सोपे जाते. मात्र वरच्या गोडसर सॉसमध्ये मांसाचा किंवा शिंपल्यांचा अर्क असू शकतो, तेव्हा कडक शाकाहारी असणाऱ्यांनी तो घालू नका म्हणावे. शहरात भारतीय उपाहारगृहे आहेत. ६ तारखेच्या संध्याकाळी नदीकाठी खाण्याचे काही मिळणार नाही, हे धरून सोबत थोडा कोरडा खाऊ ठेवावा.

भारताशी संबंधित असे तेथे काही आहे का?

आहे, आणि ते नदीकाठीच आहे. २० मे २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते महात्मा गांधींच्या कांस्य अर्धपुतळ्याचे तेथे अनावरण झाले. मोतोयासु नदीला लागून, घुमटापासून जवळ असलेला हा पुतळा राम वनजी सुतार यांनी घडवला आहे. सुतार हे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. कंदिलाच्या रांगेत उभे राहण्याआधी तेथे दोन मिनिटे थांबता येते. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, पंडित नेहरूंनीही हिरोशिमाला भेट दिली होती.

६ ऑगस्टला जमत नसेल, तर दुसरीकडे कोठे पाहता येईल?

नागासाकीत ९ ऑगस्टच्या संध्याकाळी उराकामी नदीत कंदील सोडले जातात. भावाच्या दृष्टीने हिरोशिमाला सर्वांत जवळची संध्याकाळ तीच. त्याच शहरात १५ ऑगस्टला होणारा ‘शोरो नागाशी’ मात्र अगदी वेगळा आहे. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी घरचे लोक सजवलेली नौका रस्त्यांवरून ओढत नेतात आणि फटाक्यांचा इतका कडकडाट होतो की कानांत बोळे घालावे लागतात. नाव ‘नागाशी’ असले, तरी आता त्या नौका पाण्यात सोडत नाहीत.

क्योतोत १६ ऑगस्टला आराशियामा येथे कंदील सोडतात. त्याच रात्री आठपासून शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर प्रचंड अग्नी पेटवून पितरांना निरोप दिला जातो आणि तोगेत्सु पुलाच्या परिसरातून त्यांपैकी तोरीच्या, म्हणजे शिंतो मंदिराच्या कमानीच्या, आकाराचा अग्नी दिसतो. फुकुई प्रांतात कुझुर्यू नदीवर ऑगस्टच्या उत्तरार्धात एइहेइजी या झेन मठाच्या भिक्षूंच्या पठणासह मोठा कार्यक्रम होतो. तो ओबोनच्या वळणाचा असून तेथे सणाचे वातावरणही असते. ज्यांना खाण्याच्या गाड्या आणि उत्सव हवा आहे, त्यांनी हिरोशिमाऐवजी तिकडे जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

कंदिलांमुळे नदी घाण होत नाही का? नंतर त्यांचे काय होते?

आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेनंतर घाटावर अडकलेले द्रोण आणि पणत्या पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. हिरोशिमात कंदील समुद्रापर्यंत जाऊ देत नाहीत. खालच्या अंगाला ते अडवून होड्यांतून आणि काठावरून गोळा करतात. हे काम रात्री उशिरापर्यंत चालते आणि बहुतेक पाहुणे ते पाहण्याआधीच निघून गेलेले असतात.

भरती-ओहोटीचे गणित दर वर्षी वेगळे असते, म्हणून कंदील कोणत्या दिशेला जातील हे त्या संध्याकाळवर अवलंबून असते. ओहोटी असेल तर ते रांगेने दक्षिणेकडे, समुद्राच्या वाटेला लागतात. भरती चढत असेल तर जागच्या जागी घोटाळतात, एकमेकांना बिलगतात आणि कधी उलटे, वरच्या पुलाकडे सरकतात. सोडलेला कंदील परत आपल्याच पायरीशी आला, तर काही चुकले असे समजू नये. जवळ उभा असलेला स्वयंसेवक लांब काठीने त्याला अलगद पुन्हा प्रवाहात लोटतो.